मुलांना दीन (धर्म) शिकवताना : जन्मापासून दहाव्या वर्षापर्यंत काय, कधी आणि किती

तीन जणांवरून कलम उचललं गेलं आहे, अशी हदीस (प्रेषितांचं वचन) आहे : झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत. म्हणजे वयात येईपर्यंत मुलाच्या नावावर एकही गुनाह लिहिला जात नाही. नवे आईबाप मात्र नेमकं उलटं वागतात. दोन वर्षांच्या पोरीला ‘गुनाह लागेल’ म्हणून दटावतात आणि नऊ वर्षांच्या पोराला ‘अजून लहान आहे’ म्हणून फजरला (पहाटेच्या नमाजला) झोपू देतात. या लेखातला क्रम त्याच्या बरोबर विरुद्ध आहे. पहिली सात वर्षं ओढ लावायची, पुढची तीन वर्षं सवय लावायची. शिस्तीचा प्रश्न त्यानंतरचा.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. घरात कोणत्या मजहबप्रमाणे (धर्मनियमांच्या परंपरेप्रमाणे) चालतं? कोकणी मुसलमान शाफई आहेत. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात बहुतेक हनफी. रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलायचे की नाही, आमीन मोठ्याने की मनात, फजरला कुनूत (उभ्याने म्हणायची दुआ) आहे की नाही, इतकंच नव्हे तर असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळही दोन्हींत वेगळी आहे. आई रत्नागिरीची आणि बाप औरंगाबादचा असेल तर मुलासमोर वाद घालू नका. पहिली पद्धत एकच शिकवा. दुसरी कानावर पडली तर ‘तीही बरोबर आहे’ एवढंच सांगा.

जमवून ठेवायच्या गोष्टी

- जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, बाल आधार
- पाऊण लिटरचा तांब्या आणि बेसिनपाशी ठेवायला ठेंगणं स्टूल
- लहान जानमाज (नमाजची चटई), टोपी, ओढणी
- कायदा (अरबी मुळाक्षरांचं पुस्तक) आणि रेहल (ते ठेवायची लाकडी घडी)
- जवळच्या मशिदीचं वर्षभराच्या नमाजवेळांचं कॅलेंडर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेलं
- सदक्याचा (दानाचा) डबा. पारदर्शक बरणी उत्तम, कारण आतली नाणी वाढताना दिसली पाहिजेत

आवाज काढणारी खेळणी, दुआ म्हणणारी बाहुली, दिव्यांची जानमाज हे सगळं नंतरही चालेल, नाही घेतलं तरी चालेल.

१. पहिला आठवडा

उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत (नमाज उभी राहताना म्हणतात ती हाक). आवाज हळू ठेवा, तान्ह्या कानापाशी तो मोठाच लागतो. मौलानांची वाट पाहायची गरज नाही. बाप, आजोबा, मामा कुणीही देऊ शकतो. बाळ काचेच्या पेटीत असेल तर घाई नको, हातात मिळेल तेव्हा द्या.

तहनीक म्हणजे मऊ केलेला खजूर टाळूला लावणं, ही सुन्नत (प्रेषितांची रीत) आहे. आज ती करताना बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि तोंडात चावून देण्याऐवजी खजूर स्वच्छ पाण्यात कुस्करून बोटाच्या टोकावर नुसता लेप घ्या. कुणाला सर्दी असेल किंवा ओठावर फोड असेल तर त्याने बाळाच्या तोंडाजवळ जाऊच नये. फोडातला विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम नावाची विषबाधा होते, आणि ‘शुद्ध, घरचा मध’ असला तरी ती टळत नाही.

अकीका (बाळाच्या जन्मानिमित्तची कुर्बानी) सातव्या दिवशी. दिवस मोजताना बरेच जण चुकतात : जन्माचा दिवस धरून मोजायचं, म्हणजे बुधवारी दिवसा जन्म असेल तर सातवा दिवस मंगळवार. मगरिबनंतर (सूर्यास्तानंतर) जन्म झाला असेल तर तो गुरुवार धरायचा आणि सातवा दिवस बुधवार. जमलं नाही तर चौदावा किंवा एकविसावा. मुलासाठी दोन बकरे, मुलीसाठी एक; ऐपत नसेल तर मुलासाठी एकही चालतो. हनफींमध्ये बकरा एक वर्षाचा पुरतो, शाफईंमध्ये तो दोन वर्षांचा लागतो, म्हणून बाजारात विकणाऱ्याला आधी वय विचारा आणि दात बघा. जावळ काढून त्याच्या वजनाइतकी चांदी सदका करतात. जावळ इतकं हलकं असतं की घरच्या काट्यावर दिसतही नाही, सोनाराकडे न्या. आणि अकीका फर्ज (सक्तीचा) नाही. हॉल, बिर्याणी आणि तीनशे माणसांसाठी कर्ज काढणाऱ्याने ही एक ओळ परत वाचावी.

नाव ठेवताना अर्थ बघाच, पण कागदही बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. नाव त्याच वेळी ठरलं नसेल तर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा जन्मदाखलाच आहे, म्हणून पहिलं स्पेलिंग हेच शेवटचं समजा. घोळ कुठे होतो? ‘मोहम्मद’ एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर ‘मो.’, तिसऱ्यावर ‘मोहद’. ‘अब्दुल रहमान’चा शाळेत ‘अब्दुल’ होतो आणि ‘रहमान’ वडिलांच्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतो. जोडनाव असेल तर ‘अब्दुर्रहमान’ असं एकत्र, जोडूनच लिहा. हाक मारतानाही नुसतं ‘रहमान’ नको. ते अल्लाहचं नाव आहे, आपण त्याचे ‘अब्द’, म्हणजे बंदे.

मुलाची सुंता कधी करायची, यावर घराघरात वेगवेगळी मतं असतात. वय काहीही ठरवा, पण करणारा प्रशिक्षित डॉक्टरच हवा. त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर सुंता करायची नाही, कारण पुढच्या शस्त्रक्रियेत तीच कातडी लागते. आणि आईच्या माहेरी कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी रक्ततपासणी.

२. दूध, लंगोट आणि तुमची स्वतःची नमाज

कुरआनात (२:२३३) स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षं सांगितली आहे, आणि त्याआधी थांबवायचं तर आईबापांनी आपसात सल्ल्याने आणि राजीखुशीने, असंही म्हटलं आहे. म्हणजे हा निर्णय एकट्या सासूचा नाही, एकट्या डॉक्टरचाही नाही. पहिले सहा महिने फक्त दूध. रमजानमध्ये रोज्याने दूध आटत असेल किंवा आईला त्रास होत असेल तर रोजा सोडायची सवलत आहे. ती घेणारीला टोमणे मारणाऱ्यांना गप्प करणं हे नवऱ्याचं काम.

तान्ह्याच्या आईची नमाज सुटते ती बहुतेक वेळा कपड्यांमुळे. ‘बाळाने भिजवलंय, आता आंघोळ कधी, बदलू कधी,’ असं करत वेळ निघून जाते. मसला (धार्मिक नियम) समजून घ्या. शाफईंमध्ये, दोन वर्षांच्या आतल्या आणि फक्त दुधावर असलेल्या मुलग्याच्या लघवीवर पाणी पूर्ण शिंपडलं की कपडा पाक होतो. मुलीच्या बाबतीत धुवावा लागतो. हनफींमध्ये दोन्ही धुवायचे. आंघोळीची गरज कुठल्याच मजहबात नाही, तेवढाच भाग धुवायचा. याहून सोपी सोय म्हणजे नमाजसाठी एक वेगळा लांब झगा खुंटीला टांगून ठेवणं. घातला, नमाज पढली, काढून ठेवला.

या वयात मूल शिकतं ते बघून. तुम्ही सजद्यात असताना ते पाठीवर चढेल. चढू द्या. प्रेषितांच्या (स.) पाठीवर सजद्यात नातू चढून बसला तेव्हा त्यांनी सजदा लांबवला; उमामा या नातीला कडेवर घेऊन त्यांनी नमाज पढवली, सजद्यात जाताना खाली ठेवायचे आणि उठताना पुन्हा उचलायचे. मागे मूल रडलं तर नमाज थोडक्यात उरकायचे. जानमाजवरून मुलाला हाकलणाऱ्या घरात पुढे सातव्या वर्षी त्याला जानमाजवर आणायला फार कष्ट पडतात.

झोपताना इख्लास, फलक आणि नास या सूरह तीनदा पढून तळहातावर फुंकर घालायची आणि अंगावरून हात फिरवायचे. नजर लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा, मनगटात काळे मणी आणि डोळ्यात काजळ हे मात्र टाळा. दोऱ्याने गळफास बसू शकतो, मणी सुटून घशात जातो, आणि बाजारातल्या बऱ्याच काजळ-सुरम्यांत शिसं सापडलं आहे.

३. दोन ते चार : आधी कान, मग जीभ

पाठांतराची घाई नको. दिवसातल्या सहा ठरलेल्या जागा निवडा आणि तिथे तुम्हीच मोठ्याने म्हणा. मुलाला ‘म्हण’ म्हणायचं नाही.

जेवणाआधी बिस्मिल्लाह. जेवणानंतर अल्हम्दुलिल्लाह. शिंकल्यावर अल्हम्दुलिल्लाह, ऐकणाऱ्याने यरहमुकल्लाह (मुलांना ही देवाणघेवाण खेळासारखी वाटते, मुद्दाम खोट्या शिंका देतात, देऊ द्या). घरात शिरताना सलाम, तुम्ही आधी. संडासात डावा पाय, बाहेर येताना उजवा. झोपताना ‘अल्लाहुम्म बिस्मिक अमूतु व अहया’.

दोन-तीन महिन्यांत मूल आपण होऊन तुम्हाला आठवण करून देऊ लागतं. ‘अब्बा, बिस्मिल्लाह म्हटलंत का?’ हे ऐकू आलं की ही पायरी झाली. म्हटलं नसेल तर कबूल करा आणि म्हणा.

जेवणाच्या रीतीला तर थेट आधार आहे. ताटात सगळीकडे हात फिरवणाऱ्या उमर बिन अबी सलमा या मुलाला प्रेषितांनी (स.) तीनच गोष्टी सांगितल्या : अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचं खा. मूल डावखुरं असेल तर लिहिणं, चित्रं काढणं, चेंडू फेकणं डाव्याच हाताने होऊ द्या. तिथे जबरदस्ती करू नका. घास तेवढा उजव्या हाताने, हळूहळू.

अर्थ मराठीत सांगा. आपल्या घरांत एक गैरसमज आहे की दीनची भाषा म्हणजे उर्दू, आणि मराठीत बोललं की ते हलकं होतं. घरात उर्दू किंवा दखनी बोलत असाल तर उर्दूत, मराठी किंवा कोकणी बोलत असाल तर त्यात. प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेत पाठवला गेला, असं कुरआन (१४:४) सांगतं. न कळणाऱ्या भाषेतली नसीहत मुलाच्या कानापाशीच थांबते.

स्क्रीनचंही इथेच. ‘इस्लामी कार्टून आहे, बघू दे’ ही सवलत मोबाइलला मिळते, दीनला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीत दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, वर्षाच्या मुलाला शून्य. त्या तासात नशीदही (धार्मिक गाणीही) मोजायची.

४. अल्लाहविषयी बोलताना

सर्वांत मोठी चूक या पायरीवर होते. ‘पाणी सांडलंस, अल्लाह चटका देईल.’ ‘झोप, नाहीतर अल्लाह बाबाला पाठवेल.’ आईचा आवाज कमी पडला की अल्लाहचं नाव छडीसारखं वापरायचं. तीन वर्षांचं मूल यातून एकच समजतं : अल्लाह म्हणजे घरात न दिसणारा, सतत रागावलेला कुणीतरी. पुढे त्याच अल्लाहसमोर पाच वेळा प्रेमाने उभं राहा म्हणून सांगायचं, ते कसं जमणार? सूरह फातिहात अल्लाहची ओळख होते ती ‘रहमान’ आणि ‘रहीम’ या नावांनी, हिशेबाच्या दिवसाचा उल्लेख त्यानंतर येतो. तोच क्रम घरात ठेवा. जहन्नमचं वर्णन सात वर्षांच्या आत नको.

नेमत दिसली की नाव घ्या. हापूसची पहिली फोड, पहिला पाऊस, ताप उतरलेली सकाळ. ‘हे कुणी दिलं?’ असा प्रश्न एकदा पुरे. दर घासाला विचारला की परीक्षा होते.

मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘अल्लाह कसा दिसतो?’ उत्तर : ‘त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही, म्हणून चित्र काढता येत नाही.’ ‘अल्लाहला कुणी बनवलं?’ इथे गडबडून ‘असं विचारू नये’ म्हणू नका. सूरह इख्लास हेच याचं उत्तर आहे : तो एक आहे, तो कुणाचा बाप नाही, कुणाचा मुलगा नाही. ‘बनवलेल्या वस्तूला बनवणारा लागतो, तो बनवलेलाच नाही,’ एवढं पाच वर्षांच्या मुलाला पुरतं. ‘नानी कुठे गेली?’ याला ‘झोपली’ असं उत्तर दिलं तर मूल रात्री झोपायला घाबरतं. ‘वारली, अल्लाहकडे परत गेली, आपण तिच्यासाठी दुआ करू,’ हे सरळ उत्तर.

आणि खोटं आमिष नको. एका आईने मुलाला ‘ये, तुला काही देते’ म्हणून बोलावलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. ते म्हणाले, काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. इंजेक्शनच्या खोलीत नेताना ‘काही टोचणार नाहीत’ म्हणणं याच खात्यात येतं.

लाड करायला लाजू नका, विशेषतः बापांनी. अकरअ बिन हाबिस म्हणाले, मला दहा मुलं आहेत, एकाचाही कधी मुका घेतला नाही. त्यांना उत्तर मिळालं : जो दया करत नाही, त्याच्यावर दया केली जात नाही. आणि लाड सगळ्यांचे सारखे. एकाच मुलाला भेट देऊ पाहणाऱ्या बशीर यांना प्रेषितांनी (स.) बाकीच्यांनाही तेवढंच दिलं का म्हणून विचारलं, आणि साक्षीदार व्हायला नकार दिला. ईदला मुलाला नवे बूट आणि मुलीला मागच्या वर्षीचा फ्रॉक, हे मुलं दहा-दहा वर्षं लक्षात ठेवतात.

५. चार ते सात : कायदा आणि उच्चार

चार वर्षं, चार महिने, चार दिवस झाले की बिस्मिल्लाहखानी (कुरआन शिकायला बसवण्याचा समारंभ) करायचा रिवाज आपल्याकडे आहे. रिवाज गोड आहे, पण तो सुन्नत नाही. मूल पाच वर्षांचं झालं तरी काही बिघडत नाही. या वयात दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. अर्धा तास बसवलं की मूल रेहल बघूनच पोट दुखतं म्हणतं.

पाठांतराचा क्रम मी असा ठेवेन : कौसर (३ आयती), इख्लास (४), अस्र (३), फलक (५), नास (६) आणि मग फातिहा (७). एकूण २८ आयती. आठवड्याला एक आयत धरली तरी सात महिन्यांत होतात. फातिहा शेवटी यासाठी की ती तोवर रोज तुमच्या तोंडून ऐकून अर्धी पाठ झालेली असते.

देवनागरीतून पाठ करून घेऊ नका. हा सापळा आहे, आणि मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तर हमखास. ‘क़ुल’ म्हणजे ‘सांग’. नुक्ता उडाला, जीभ पुढे आली की ‘कुल’ होतं, म्हणजे ‘खा’. ‘क़ल्ब’ म्हणजे काळीज, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. मराठी जिभेला ज्या ठिकाणी अडतं ती अक्षरं अशी :

काफ : पडजिभेजवळून, घशाच्या तोंडाशी. मुलाला कावळ्याचा खोल आवाज काढायला सांगा.
फे : आपला ‘फळ’मधला फ दोन्ही ओठ मिटून येतो. ‘फ़लक़’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ओठ मिटत नाहीत. आरशासमोर बसवा, लगेच दिसतं.
वाव : मराठी व म्हणताना दात ओठाला लागतो. इथे ओठांचा चंबू करायचा, दात लावायचा नाही.
मोठी हे : काच पुसताना तोंडाने वाफ सोडतो तो आवाज. ‘अल्हम्दु’मध्ये हीच आहे.
ऐन : सर्वांत अवघड. सहा वर्षांच्या आत जमलं नाही तर मागे लागू नका. कानावर बरोबर उच्चार पडत राहू द्या.

तुमचा स्वतःचा उच्चार कच्चा असेल तर शिकवण्याआधी तुम्हीच कारीकडे (कुरआनपठण शिकवणाऱ्याकडे) महिनाभर बसा. चुकीचं पाठ झालेलं दुरुस्त करायला नव्याने शिकण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

६. वुजू : पाऊण लिटरचा धडा

प्रेषित (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू (नमाजआधीचं तोंड-हातपाय धुणं) करत. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. मुलाला नळाखाली उभं करण्याऐवजी तांब्या द्या आणि तेवढ्यात वुजू पुरा करायला सांगा. पहिल्या आठवड्यात तोंडापर्यंतच पाणी संपतं. दुसऱ्या आठवड्यात हातापर्यंत पोचतं. महिन्याने तळाशी घोटभर उरतं आणि ते दाखवायला मूल स्वयंपाकघरात धावत येतं.

फर्ज चार गोष्टी (कुरआन ५:६) : चेहरा धुणं, कोपरांसकट हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यांसकट पाय. शाफईंमध्ये नीयत (मनातला संकल्प) आणि हा क्रमही फर्जच. मुलांकडून राहतात त्या जागा नेहमीच्याच : टाच, कोपराचं टोक, बोटांमधल्या फटी. मुलीने नखांना पॉलिश लावलं असेल तर पाणी पोचत नाही, मेंदी चालते. संडासनंतर पाण्याने धुणं वुजूच्याही आधी, म्हणजे चौथ्या वर्षापर्यंत शिकवून संपवा. शाळेत पाण्याची सोय नसते, म्हणून दप्तरात छोटी बाटली ठेवा.

७. सातवं वर्ष : नमाज

हदीस अशी : सातव्या वर्षी मुलांना नमाजचा हुकूम करा, दहाव्या वर्षी (न पढल्यास) मारा आणि त्यांचे बिछाने वेगळे करा. लोक मधला शब्द तेवढा उचलतात. आधी हिशेब करा. सात ते दहा म्हणजे तीन वर्षं, दिवसाला पाच वेळा : ५,४७५ वेळा प्रेमाने बोलावणं. ज्याने ते केलं नाही, त्याला त्या शब्दाचा आधार घेता येत नाही. उलेमांनीही मर्यादा घातल्या आहेत : चेहऱ्यावर नाही, वळ उठेल असं नाही, रागाच्या भरात नाही, आणि उपयोग होणार नसेल तर नाहीच. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) सांगतात की युद्धाचं मैदान सोडलं तर प्रेषितांनी (स.) कधी कुणावर हात उगारला नाही. माझ्या मते घरात छडी आणण्याची गरज पडली तर आधीच्या तीन वर्षांत काय राहून गेलं ते तपासावं.

पाचही वेळा एकदम सुरू करू नका. मगरिबपासून सुरुवात करा : सगळे घरी असतात, फर्ज तीनच रकात (नमाजची आवर्तनं), वेळ चुकायची भीती दिसते आणि अजान ऐकू येते. दीड-दोन महिने फक्त मगरिब. मग इशा (रात्रीची), मग असर, मग सुट्टीच्या दिवशीची जुहर (दुपारची). फजर शेवटी, आणि ती डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो, शाळेसाठी उठायची वेळ आणि फजर जवळजवळ एकच पडते. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर सहा-सव्वासहाच्या आत उठवावं लागतं आणि पहिल्याच आठवड्यात रडारड होते.

आधी फक्त फर्ज : २, ४, ४, ३, ४, मिळून १७ रकाती. सुन्नत-नफिल (फर्जव्यतिरिक्तच्या रकाती) मुलाने आपण होऊन मागितल्यावर. सजदा कोंबडीने दाणे टिपल्यासारखा होतो, तिथे ‘तीन वेळा तस्बीह (सजद्यात म्हणायचे शब्द) सावकाश’ हे माप द्या. कॅलेंडरवर खूण करायला हरकत नाही, पण प्रत्येक नमाजला दहा रुपये नको. पैसे थांबले की नमाजही थांबते.

मशिदीत नेताना पोट भरलेलं, लघवी झालेली, आणि मागच्या सफेत तुमच्या शेजारी उभं करायचं. मुलं एकत्र उभी राहिली की हसू फुटतंच. कुणी वडीलधारा ओरडला तर मुलाला बाजूला घेऊन ‘चाचांना जरा मोठा आवाज आहे’ एवढं म्हणा, आणि पुढच्या जुम्याला पुन्हा घेऊन जा.

८. रोजे आणि फित्रा

वयात येण्याआधी रोजा फर्ज नाही. पण सवय जुनी आहे : मदिनेतल्या बायका आशूराच्या (मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या) रोज्याला मुलांना लोकरीची खेळणी करून देत आणि भूक लागली की त्यांत गुंतवत.

पाच-सहाला फक्त सहरीला उठून बसणं. सात-आठला चिडी रोजा, म्हणजे जुहरपर्यंत. नऊ-दहाला सुट्टीच्या दिवशी पूर्ण, आठवड्यात एकापेक्षा जास्त नाही. पहिल्या पूर्ण रोज्याला रोजाकुशाई (त्याचा घरगुती समारंभ) करत असाल तर हार आणि पाहुणे यांच्या दबावाखाली मूल चक्कर येत असतानाही गप्प राहतं, हे ध्यानात ठेवा. आदल्या रात्रीच सांगा : ‘सोडलास तरी गुनाह नाही, कजा (नंतर भरपाई) नाही.’ सहा-आठ तास लघवी न होणं, गडद पिवळी लघवी, उलटी, डोकं गरगरणं, सुस्ती यांपैकी एक दिसलं की पाणी द्यायचं. मधुमेह, फिट्स, किंवा खानदेश-विदर्भात दिसणारा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिडी रोजाही नको. सिकलसेलमध्ये पाणी कमी पडलं की जीवघेण्या वेदना सुरू होतात.

फित्रा (रमजान ईदचं दान) मुलाच्या नावानेही द्यायचा असतो, तो मुलाच्याच हातून मोजून घ्या. शाफईंमध्ये एक साअ, म्हणजे अडीच ते तीन किलो, ते राहतात तिथलं मुख्य धान्य, कोकणात तांदूळ. हनफींमध्ये गव्हाचा अर्धा साअ किंवा त्याची किंमत. मशिदीत आकडा जाहीर होतो. काटा, परात आणि तांदळाचं पोतं पुढ्यात घेऊन बसलेल्या मुलाला ‘हे माझे, हे ताईचे, हे बाळाचे’ असं मोजताना जे कळतं ते पाकिटातल्या नोटेतून कळत नाही. तांदूळ तोच घ्या जो घरात शिजतो. आणि पोचवायचं ईदच्या नमाजआधी.

९. शाळा, डबा, शेजार

मुलाला वर्गात दोन प्रश्न येतात : ‘हे का खात नाहीस?’ आणि ‘तुमच्यात असं का?’ घरी दोन वाक्यं घोटून घ्या : ‘आमच्यात चालत नाही, थँक्यू,’ आणि ‘मला माहीत नाही, अम्मीला विचारतो.’ वाद घालायचा नाही, तोंड वेंगाडायचं नाही.

जेली, मार्शमेलो, काही च्युइंग गोळ्या यांत जिलेटिन असतं. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राणिज जिलेटिन नसतं. मुलाला ठिपका ओळखायला शिकवणं घटकांची यादी वाचण्यापेक्षा सोपं. प्रसादाबद्दल तुमच्या आलिमांचं मत आधीच विचारून घरात एकच भूमिका ठरवा. मुलाला दारात उभं करून शेजारच्या काकूंसमोर ठरवू नका. आणि ईदला शीरखुर्मा घेऊन मुलालाच पाठवा, डबा झाकून, चमच्यासकट. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल जिब्रील हे फरिश्ते (देवदूत) इतक्या वेळा ताकीद देत राहिले की शेजारी वारसच ठरतो की काय असं वाटलं, अशी हदीस आहे. ती मुलाला या शीरखुर्म्याबरोबर सांगावी.

१०. मकतब निवडताना

मकतबची (मुलांच्या दीनी वर्गाची) फी आणि अंतर शेवटी बघा. आधी हे : वर्गाचं दार उघडं असतं का, बाहेरून दिसतं का. एका उस्तादकडे किती मुलं आहेत (वीसच्या वर गेली की कायदा ऐकला जात नाही, नुसता ओरडला जातो). छडी आहे का. मुलींसाठी वेगळी सोय, संडासाला कडी. पालक न सांगता आले तर चालतं का. या प्रश्नावर चेहरा बदलला तर दुसरं मकतब शोधा.

सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श चौथ्या वर्षापासून सांगा, आणि ‘उस्ताद, चाचा, भाईजान कुणीही असो’ हे जोडून सांगा. अदब म्हणजे गप्प राहणं, असं मुलाला वाटता कामा नये. मुलाने काही सांगितलं तर पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’. पॉक्सो कायदा २०१२ (लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण) मकतब, शाळा, घर सगळीकडे लागू आहे; मदतीचा फोन १०९८, दिवसरात्र. मारझोडीसाठी बाल न्याय कायदा २०१५ आहे. समाजाची बदनामी होईल म्हणून प्रकरण दाबणारे पुष्कळ भेटतील. मूल तुमचं आहे.

११. दहावं वर्ष

बिछाने वेगळे करा. एकच खोली असेल तर वेगळी गादी, वेगळं पांघरूण पुरे. परवानगीचा नियम (कुरआन २४:५८) याआधीच लागलेला असावा : फजरपूर्वी, दुपारी कपडे काढून आडवं होण्याच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळांना मुलांनीही आईबापांच्या खोलीत विचारून यायचं. त्यासाठी तुम्हीही मुलांचं दार वाजवून आत जा.

मुलीला हैजबद्दल (मासिक पाळीबद्दल) आईने नववं वर्ष संपायच्या आत सांगावं, मुलाला इहतिलामबद्दल (झोपेतल्या वीर्यस्खलनाबद्दल) बापाने अकराव्यापर्यंत. गुस्लची (पाक होण्याच्या आंघोळीची) पद्धत कोरडीच, कपड्यांवर, करून दाखवा : कुल्ली, नाकात पाणी, मग संपूर्ण अंगावर एकही जागा कोरडी न सोडता. मुलीला हेही सांगा की त्या दिवसांतल्या नमाजा माफ आहेत आणि त्यांची कजा नाही. रोजे मात्र नंतर ठेवायचे. नाहीतर पहिल्या रमजानमध्ये ती बिचारी भाऊ-बापाच्या धाकाने उपाशी राहून रोजा असल्याचं दाखवते. तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड, एक जादा निकर आणि एक काळी पिशवी आजच ठेवून द्या, आणि ती कशासाठी आहेत ते तिला माहीत असू द्या.